राजधानीतील मुलांनी सहलीस कोठे जावे?

मार्गशीर्षाची थंडी पडू लागली की शाळेत सहलीची भाषा सुरू होते. कोठे जावयाचे, वर्गणी किती, गाडी पहाटे किती वाजता सुटावयाची, ह्याखेरीज त्या आठवड्यात मुलांस दुसरा विषय सुचत नाही. हा उत्साह आम्हांस प्रिय आहे. त्याचे चीज व्हावे अशी मनापासून इच्छा असल्यामुळेच एका दिवसाच्या सहलींविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहावे असे वाटते.

सांप्रतची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पहाटे चारला गाडी निघावयाची आणि एका दिवसात दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, पाणचक्की व बीबी का मकबरा इतके सारे पाहून रात्री परतावयाचे. पैठणहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ५० किलोमीटर आणि वेरूळ तेथून आणखी सुमारे ३०. म्हणजे जाऊन-येऊन १६० किलोमीटर होतात व दिवसाचा मोठा भाग गाडीतच सरतो. वेरूळास लेणी ३४ आणि त्यांच्या वाट्यास येतो जेमतेम एक तास! कैलास लेणे हे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी एका अखंड खडकातून वरून खाली असे कोरीत आणलेले आहे. हे ध्यानात येण्यास बाजूच्या डोंगरावर थोडे चढून वरून खाली पाहावे लागते. परंतु शिट्टी वाजते, हजेरी होते आणि मुले गाडीत बसतात. घरी गेल्यावर काय पाहिले असे विचारावे, तर गाडीतील गाणी तेवढी आठवतात. ह्यात मुलांचा दोष नाही. ज्याने आखणी केली त्याने पाहण्यास वेळच ठेविलेला नसतो.

यूरोपातील कित्येक राजधान्या समुद्रकाठी वसलेल्या आहेत. तेथे जाणाऱ्या प्रवाशांचा क्रम कसा असतो ते पाहावे. लिस्बनला उतरलेला मनुष्य प्रथम ते शहर पायांनी फिरतो आणि मग एखादा दिवस राखून आगगाडीने जवळच्या सिंत्र्याचे राजवाडे पाहून येतो. कोपनहेगनला आलेला मनुष्यही आधी शहर पाहतो व नंतर हेल्सिंगोरला जाऊन सामुद्रधुनीच्या तोंडावरील क्रोनबोर्गचा किल्ला पाहतो. आधी राजधानी, मग तिचा परिसर, आणि एका दिवसास एक स्थळ, असा हा साधा नियम आहे. आमच्या मुलांनी तो पाळावयाचा म्हटले तर त्यांनी सहलीचा आरंभ कोठून करावा? पैठणपासूनच, कारण पैठण ही राजधानी आहे, ह्याचा विसर पैठणकरांसच अधिक पडला आहे.

प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. समुद्र आमच्यापासून दूर खरा, पण समुद्रावरच्या माणसांस आमचे गाव ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे नमूद आहे. तेथून अकीकासारखे दगड गाड्यांत भरून बिकट मुलुखातून भडोचेस नेत, असेही तो सांगतो. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात पैठणच्या राजाचे नाव दिले आहे. तो श्रीपुळुमावी होय. नाणेघाट उतरून कल्याण व सोपाऱ्याकडे जाणारी वाट ह्याच राजधानीस समुद्राशी जोडीत होती. इतक्या दूरच्या लोकांनी ज्या गावाची नोंद केली, त्या गावातील मुलाने नागघाट हा केवळ रेड्याच्या मुखी वेद वदविल्याच्या कथेपुरताच जाणावा काय? त्याच घाटाच्या परिसरात १९९६ ते १९९९ ह्या काळात शास्त्रोक्त उत्खनन होऊन जुन्या विटांच्या मंदिराचे अवशेष उजेडात आले, हेही त्यास ठाऊक असावयास नको काय?

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, लहान वर्गांची सहल पायी व्हावी आणि ती पैठणातच व्हावी. सकाळी नागघाट पाहावा, मग नाथांच्या समाधीवर जावे. एकनाथांनी (१५३३–१५९९) शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, ही गोष्ट मराठी शिकणाऱ्या मुलास त्या जागी उभे करून सांगितली म्हणजे ती सहसा विसरावयाची नाही. दुपारी एखाद्या विणकराच्या मागाशी तासभर बसावे. पैठणीच्या पदरावरील मोर रेशमाच्या लहान लहान रंगीत कांड्यांनी, ताणा मोजून मोजून, हातांनी भरावा लागतो. आणि असा भरतात की उलट व सुलट बाजू सारखीच दिसावी. तासाभरात काम किती बोटे पुढे सरकले ते मुलांनी मोजावे आणि सबंध पदरास किती दिवस लागतील ह्याचे गणित तेथेच मांडावे. त्रैराशिक आणि श्रमाची किंमत हे दोन्ही धडे एकाच वेळी होतील.

दुसरी सहल नाथसागराची. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते बसविली गेली आणि १९७६ साली इंदिरा गांधी ह्यांनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची ही भिंत, तिचे २७ दरवाजे, २०८ किलोमीटरांचा डावा व १३२ किलोमीटरांचा उजवा कालवा, हे आकडे मुलांस पाठ असतात. १९८६ पासून हा जलाशय पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यास काठावर शांतपणे बसले म्हणजे पुरते. पाण्यात कोणी उतरू नये, हे निराळे सांगावयास नको. परंतु एवढ्याने ही सहल पुरी होत नाही. ह्या पाण्याखाली शंभरावर गावांची घरे, शेते, पार व स्मशाने गेली आहेत. मराठवाड्यातील किती शेते त्या पाण्याने भिजली, किती घरांची तहान भागली, हे जितके खरे, तितकेच ते पाणी साठविण्यासाठी कोणाचे तरी अंगण गेले, हेही खरे. त्या उठविलेल्या गावांतील घराण्यांची मुले आज आमच्याच वर्गांतून बसतात. जे तेव्हा तरणे होते ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. अशा एखाद्या आजोबांस वा आजीबाईंस सहलीत मानाने बरोबर न्यावे, काठावर सावलीत बसवावे, आणि गाव कोठे होते, बाजार कोणत्या वारी भरे, बैलगाडीत शेवटी काय चढविले, हे त्यांच्या तोंडून मुलांनी लिहून घ्यावे. दरवाजे आणखी पुष्कळ वर्षे मोजता येतील. ही माणसे तितकी वर्षे थांबणार नाहीत.

तिसरी सहल वेरूळची. ती मोठ्या वर्गांनी करावी आणि त्या दिवशी दुसरे काहीही पाहू नये. दहावे, सोळावे व बत्तिसावे अशी तीनच लेणी निवडली, तरी बौद्ध, हिंदू व जैन ह्या तिन्ही धर्मांच्या कारागिरांचे काम एकाच डोंगरात पाहिल्यासारखे होते. दौलताबाद पुढील वर्षी आहेच. तो किल्ला कोठे जात नाही.

ह्यावर काही पालक म्हणतील की, दूर गेल्यावाचून सहल कसली? गाव तर मुले रोजच पाहतात. आमचे उत्तर असे की, रोजच्या वाटेवरून जाणे निराळे आणि पाहणे निराळे. दूरदेशी जाण्याची हौसही आम्ही वाईट मानीत नाही. मोठेपणी ती अवश्य पुरवावी. परंतु आम्हांस खरी चिंता दुसऱ्याच गोष्टीची आहे. सवलतीची गाडी मिळाली तरी लांबच्या सहलीची वर्गणी काही घरांस झेपत नाही. अशा घरची मुले नाव देत नाहीत आणि कारण विचारले तर 'बरे नव्हते' किंवा 'मामाकडे लग्न होते' असे सांगतात. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीच्या गोष्टी रंगतात तेव्हा ती वहीत डोके घालून बसतात. जी सहल वर्गातील पाच मुलांस मागे ठेवून जाते, तिला शाळेची सहल म्हणणे आम्हांस जड जाते. पायी सहलीस वर्गणी लागत नाही. धरणावर जाण्यास अल्प खर्च येतो. वेरूळची सहल तीन वर्षांतून एकदाच असल्यास तिच्यासाठी महिन्याला थोडेथोडे साठविता येते, आणि कमी पडेल ते शाळेस गाजावाजा न करता घालता येते.

तेव्हा पाचवी ते सातवीने पैठण, आठवीने नाथसागर व नववीने वेरूळ असा क्रम पुढील वर्षापासून ठरवावा. परतल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने आपण स्वतः पाहिलेल्या एकाच गोष्टीवर एक पान लिहावे; जमल्यास नाथसागराच्या काठी ऐकलेल्या हकिकतींस ह्या वार्षिकांकात जागा द्यावी. मुख्याध्यापक व पालक ह्यांनी सहलीची वर्गणी ठरण्यापूर्वी ह्या सूचनेचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.