आबांच्या डोक्यातलं दुकान आधी कागदावर आणा, मग एआय घ्या



गेल्या आठवड्यात एआयवरचा व्हिडिओ टाकला आणि खाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, एआय घेतलं तर दुकानातला एक माणूस कमी करता येईल का?" व्हिडिओत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि पुढं गेलो. ते माझ्या मनाला लागून राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. ज्या माणसाला तुम्ही कमी करायला निघालाय, बऱ्याचदा त्याच्याच डोक्यातली माहिती त्या एआयला लागणार असते. ती न घेता माणूस घालवला, तर हातात राहतो एक नवा पोरगा. कंपनीचा कॅटलॉग तोंडपाठ, पण तुमच्या गिऱ्हाइकाची काडीची माहिती नाही.

हे मला दोन ठिकाणी कळलं. एकदा माझ्याच साताऱ्यातल्या दुकानात आणि दुसऱ्यांदा सांगलीच्या बॅचमध्ये, मेनफ्रेमवर काम करणाऱ्या एका पोराकडून.

६२०४ की ६२०३?

आमचं दुकान पंपाच्या स्पेअर पार्टचं. वडिलांनी सुरू केलेलं. आबा वडिलांच्या काळापासूनचे. त्या दिवशी ते लग्नाला गेलेले. कोरेगाव बाजूचे एक शेतकरी आले, मोनोब्लॉक पंपाचं बेअरिंग गेलेलं. जुन्याचा पार चुरा झालेला, त्यामुळं नंबर बघायला काही नव्हतं. काउंटरवरच्या पोरानं पंपाचं मॉडेल मोबाइलवर एआयला विचारलं. उत्तर आलं, ६२०४. एकदम ठाम. पोरानं दिलं, मीही मान हलवली.

संध्याकाळी ते परत आले. बेअरिंग शाफ्टवर सैल बसत होतं. ६२०४ ला आतलं भोक २० मिलिमीटरचं असतं, ६२०३ ला १७ चं. दुसऱ्या दिवशी आबा आले, पंप बघितला आणि म्हणाले, "अरं, हा शाफ्ट झिजला होता म्हणून दोन वर्षांमागं आपणच लेथवर टर्न करून घेतलाय. कव्हरला बुश मारून ६२०३ बसवलंय. कुणी सांगितलं तुला ६२०४?"

एआय कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं. त्या पंपासाठी मात्र चूक होतं. लेथवरचं ते काम कुठल्याच पुस्तकात नव्हतं आणि आमच्या वहीतही नव्हतं. ते फक्त आबांच्या डोक्यात होतं. आमच्या या घोळात त्या माणसाची त्या दिवशीची लाईट गेली आणि उसाच्या पाण्याची पाळी हुकली. बेअरिंगचे पैसे मी परत दिले, पाळी कुठून देणार?

आता मेनफ्रेमचं ऐका

सांगलीच्या बॅचला मिरजेचा एक पोरगा येतो. पुण्यात एका कंपनीत मेनफ्रेमवर काम करतो. गावाकडं हळद पॅकिंगचा धंदा काढायचाय म्हणून शनिवार-रविवार क्लासला. विश्रामबागेत चहा पिताना मी त्याला बेअरिंगचा किस्सा सांगितला, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "सर, आमच्याकडं रोज हेच चालतं."

मेनफ्रेम म्हणजे काय, हे मलाही धड माहीत नव्हतं. आयबीएमनं एप्रिल १९६४ मध्ये सिस्टीम/३६० नावाचं मोठं यंत्र जाहीर केलं. आजची मेनफ्रेम त्याच घराण्यातली. जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावरही चालले पाहिजेत, हे धोरण आयबीएमनं तेव्हापासून जपलं. म्हणून काही बँकांमध्ये चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्रॅम आजही रोज रात्री चालतात. अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे हिशोब त्यावर असतात आणि ते सांभाळणारी बरीच माणसं पुण्या-मुंबईत बसलेली असतात.

त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळतो तो सिस्टीम प्रोग्रॅमर. नवीन आवृत्ती बसवायची, दुरुस्त्या टाकायच्या, रात्री काही अडकलं की उठून बघायचं, हे त्याचं काम. यंत्र बोलतं ते सगळं कोडमध्ये. एस०सी७ आलं तर जिथं आकडा हवा तिथं भलतंच काहीतरी आलंय, म्हणजे आपल्या बिलात दराच्या रकान्यात 'उद्या देतो' लिहिल्यासारखं. एसबी३७ आलं तर लिहायला जागा संपली. असे हजारो संदेश आणि त्यांची हजारो पानांची मॅन्युअल्स. पूर्वी रात्री दोन वाजता ती पानं चाळत बसावं लागायचं.

इथं एआय सहाय्यक कामाला येतो. आयबीएमनं २०२३ मध्ये मेनफ्रेमवरचा जुना कोबोल कोड समजून घ्यायला आणि बदलायला वॉटसनएक्स कोड असिस्टंट फॉर झेड आणलं. २०२४ मध्ये सिस्टीम सांभाळणाऱ्यांसाठी वॉटसनएक्स असिस्टंट फॉर झेड आणलं. पुण्यात मोठं केंद्र असलेल्या बीएमसी सॉफ्टवेअरनंही आपल्या मेनफ्रेम सॉफ्टवेअरमध्ये एएमआय असिस्टंट दिलाय. असा सहाय्यक मनानं उत्तर देत नाही. तो आधी मॅन्युअल शोधतो, त्यातला नेमका भाग काढतो, त्यावरून उत्तर लिहितो आणि कुठून घेतलं तेही दाखवतो. त्यात कंपनीला स्वतःची कागदपत्रंही भरता येतात.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळी मेख तिथं आहे.

एक्झिट म्हणजे त्यांचा लेथवरचा शाफ्ट

आयबीएमनं आपल्या सिस्टीममध्ये काही ठिकाणी दारं ठेवलीत. त्यांना एक्झिट म्हणतात. बँकेला स्वतःचा नियम घालायचा असेल तर तिथं स्वतःच्या प्रोग्रॅमचा छोटा तुकडा बसवता येतो. असे तुकडे कुणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बसवलेले असतात. बसवणारा रिटायर झालेला असतो आणि 'का बसवलं' हे कुठंच लिहिलेलं नसतं.

त्या पोरानं एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. "सर, तो तुकडा काय करतो ते एआय सांगतो. का बसवला ते सांगू शकत नाही."

माणसं गेली की काय होतं, ते २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीत दिसलं. कोविडमुळं बेरोजगार भत्त्याचे अर्ज इतके वाढले की जुनी मेनफ्रेम यंत्रणा कोलमडायला लागली आणि तिथल्या गव्हर्नरांना जाहीरपणे सांगावं लागलं की कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत. आपल्याकडं वायटूकेच्या वेळी, म्हणजे २००० सालाच्या आधी, ज्या पोरांनी असा जुना कोड वाचला, तीही आता पन्नाशी ओलांडलेली आहेत.

म्हणून पुण्यातल्या त्याच्या टीमनं काय केलं? एक सीनियर सहा महिन्यांत रिटायर होणार होते. त्यांच्याशेजारी रोज एका ज्युनिअरला बसवलं. प्रत्येक एक्झिट, प्रत्येक जुनी तडजोड, 'हा जॉब शुक्रवारी रात्री चालवू नका, कारण...' असं सगळं लिहून काढलं. ते सहाय्यकात भरलं. तेव्हा कुठं तो त्या बँकेपुरता शहाणा झाला.

पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नका

दुसरी गोष्ट विश्वासाची. एआयनं सांगितलेली कमांड ते सरळ चालू यंत्रणेवर चालवत नाहीत. आधी टेस्टच्या वेगळ्या विभागात, मग दुसऱ्या माणसाची मंजुरी, चुकलं तर मागं कसं यायचं ते लिहून, आणि मगच खऱ्यावर.

हे कशासाठी, ते एका घटनेवरून कळेल. एआय सहाय्यक येण्याच्या कितीतरी आधी, जून २०१२ मध्ये, ब्रिटनच्या आरबीएस बँकेत रात्रीची कामं ओळीनं चालवणारं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं. अडचण दिसली म्हणून ते काढून टाकलं, पण काढल्यावर काय होईल हे आधी तपासलं नव्हतं. कामांची ओळच विस्कटली. सुमारे ६५ लाख ग्राहकांना फटका बसला, काहींना कित्येक दिवस. २०१४ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला. माणसांच्या हातून एवढं होतं, तर पटापट उत्तर देणाऱ्या यंत्राच्या हातात बटण देताना किती सांभाळायचं, विचार करा.

मिरजेचा पोरगा म्हणाला, "आजोबा हरिपूरच्या पेवांवर कामाला होते. ते सांगायचे, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. हवा जाऊ द्यायची, आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस पण विझणार." आमची टेस्ट सिस्टीम म्हणजे तो कंदील, असं त्याचं म्हणणं. हळदीच्या धंद्यात उतरणाऱ्या माणसानं हे सांगावं, मला फार आवडलं.

आबांचा प्रश्न

मी साताऱ्याला परत आलो आणि उत्साहात आबांना म्हटलं, "आबा, रोज अर्धा तास तुम्ही बोलायचं, पोरगा लिहून घेईल. कुणाच्या पंपाला काय केलंय, कुठला माल कुठल्या कंपनीच्या जागी चालतो, सगळं."

आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळं त्या मोबाइलला सांगून टाकलं म्हंजी मला घरी बसवायला मोकळा की रं तू."

मंडळी, बीबीएला नॉलेज मॅनेजमेंट नावाचा धडा होता. मी तो पाच मार्कांपुरता वाचलेला. त्यात आबांच्या या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आणि आबांचं चुकत होतं का? अजिबात नाही. खाली कमेंट करणारे निम्मे लोक नेमका तोच विचार करत होते. खरं सांगायचं तर मीही केला होता.

दोन दिवस मी काही बोललो नाही. मग वडिलांसमोर बसून तिघांत ठरवलं. लिहून देण्याचे महिन्याला दोन हजार जादा. वहीवर आबांचं नाव. आणि काउंटरवरच्या पोरानं एआयला विचारायच्या आधी स्वतःचा अंदाज लिहायचा, मग एआय, मग वही, आणि शंका असेल तर शेवटचा शब्द आबांचा. त्या अंदाजाचा नियम पुण्याच्या टीमकडून उचललाय. तिथं ज्युनिअरला आधी स्वतःचं निदान लिहावं लागतं, नाहीतर तो दहा वर्षं कोड विचारत बसेल आणि शिकणार काहीच नाही.

आज चार महिने झाले. वहीत दोनशेच्या वर पंपांचा इतिहास आलाय. पोरगा आता 'शाफ्ट टर्न केलाय का?' हे स्वतःहून विचारतो. एआय त्या वहीतून हवं ते पटकन शोधून देतं, इंग्रजी कॅटलॉगचं मराठी करून देतं. त्यात त्याचा फायदा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण माणूस कमी झाला का? नाही झाला. चुकीचा माल परत येणं मात्र कमी झालंय.

तुम्ही काय करायचं

एआयचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी शंभर पानी वही घ्या. तुमच्याकडं जो जुना माणूस असेल, मुनीम असो, कारागीर असो, नाहीतर तीस वर्षं लोणचं घालणारी तुमची आई असो, त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसा. 'काय करता' एवढंच विचारू नका, 'असंच का करता' हे विचारा. त्याचे पैसे द्या. आईला पैसे देता येत नसतील तर लेबलवर तिचं नाव टाका.

गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, उधारी फुकटच्या एआयवर टाकू नका. त्या पोराच्या कंपनीत बँकेचा एक शब्द बाहेरच्या चॅटबॉटवर टाकायला सक्त मनाई आहे. आपली उधारीची वही आपल्यासाठी बँकेइतकीच मोठी.

आणि एआयचं उत्तर आलं की आधी कंदील सोडा. नवा दर आधी एका गिऱ्हाइकाला सांगून बघा, मग दरपत्रक छापा. एक नग बसवून बघा, मग पेटी मागवा.

कोरेगावचे ते शेतकरी परवा परत आले होते, फूट व्हॉल्व्हसाठी. आत येताच त्यांनी विचारलं, "आबा हायत का?" आबा होते. पोरानं वही उघडून आधीच त्यांचं पान काढलं होतं, ते बघून आबांनी नुसती मान हलवली.

तुमच्या दुकानातले आबा कोण, ते खाली लिहा. आणि आजपासून त्यांच्याशेजारी बसायला सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.