पथ्य आणि पंगत

गेल्या भाद्रपदांत आपल्या संस्थेची वार्षिक साधारण सभा झाली. भरडधान्यांच्या लागवडीस उत्तेजन द्यावें असा ठराव एकमतानें मंजूर झाला, टाळ्या पडल्या, आणि नंतर मंडळी जेवावयास बसली. पानांत मैद्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, पांढरा शुभ्र भात, आमटी, जिलबी, आणि शेवटीं बाटलींतील गोड थंड पेय असा बेत होता. ज्या धान्याचा गौरव करून आम्ही नुकतेच उठलों होतों, त्याचा एक कणहि पानांत नव्हता. मी पंगतींतून उठलों नाहीं. थोडा भात व आमटी घेतली, आणि घरीं येऊन भाकरी खाल्ली. परंतु त्या दिवसापासून एक विचार मनांत घोळत आहे. तो सभासद बंधुभगिनींपुढें मांडण्याची परवानगी मागतों.

महसूल खात्यांत बत्तीस वर्षें कारकुनी करून मी गेल्या वर्षीं निवृत्त झालों. कारकुनाचें काम बसून करण्याचें, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर अर्धा कप चहा घेण्याचें. दिवसाकाठीं सहा कप भरत. कपास दोन चमचे साखर धरली, तर बारा चमचे, म्हणजे सुमारें साठ ग्रॅम साखर नुसत्या चहांतून पोटांत जात असे. दिवसाची अशी साखर पंचवीस ग्रॅमच्या आंत असल्यास अधिक चांगलें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें आहे. दुसऱ्यांच्या जमिनींचे हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या माणसानें स्वतःच्या देहाचा जमाखर्च कधीं मांडला नाहीं. त्याचें फळ एकावन्नाव्या वर्षीं पदरांत पडलें. मधुमेह निघाला.

डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या आणि आहार बदलण्यास सांगितलें. नवें कांहीं शोधण्याची गरज नव्हती. वडिलांच्या वेळचें ताट पुन्हां मांडलें, एवढेंच. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मूग-मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा, जवसाची वा कारळ्याची चटणी, आणि ताक. कारखान्याचें सभासद म्हणून मिळणारें सवलतीच्या साखरेचें पोतें पूर्वी दिवाळीपासून होळीपर्यंत संपे. आतां तें पाहुण्यारावळ्यांपुरतें उघडतें. वर्षभरांत वजन नऊ किलो उतरलें, व दोन गोळ्यांपैकीं एक डॉक्टरांनीं बंद केली. ती मीं आपण होऊन सोडली नाहीं, आणि कोणी सोडूंहि नये.

घरांतील हा बदल सोपा होता. अवघड निघाली ती चारचौघांतली वागणूक. येथें मजकडून जी चूक झाली ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाचें जावळ होतें. अक्कानें पहांटे उठून पुरण वाटलें होतें. मी नव्या पथ्याच्या अभिमानानें घरून डबा नेला आणि भर पंगतींत तो उघडून भाकरी काढली. शेजारच्या चौघांस साखरेचे दोषहि ऐकविले. अक्का वाढावयास आली, तिनें डबा पाहिला आणि हातांतील पोळी तशीच परत नेली. जेवणें झाल्यावर ती एवढेंच म्हणाली, "आप्पा, आई गेल्यापासून माझ्या हातचें खाल्लेंस, आणि आज माझ्याच दारांत शिदोरी सोडलीस?" त्या दिवाळीस भाऊबिजेचें बोलावणें आलें नाहीं. सात महिने ती मजशीं बोलली नाहीं.

त्या सात महिन्यांत साखर काबूंत होती, परंतु घांस गोड लागत नव्हता. शेवटीं मार्गशीर्षांत एके दिवशीं मी निरोप पाठविला, "अक्का, उद्यां तुझ्या हातची ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याची भाजी खाण्यास येतों." दुसरे दिवशीं गेलों तों चूल पेटलेली होती. भाकरी तव्यावरून थेट पानांत पडली. जावळाचा विषय तिनें काढला नाहीं, मींहि काढला नाहीं.

त्या दिवशीं मला जें समजलें तेंच या लेखाचें सार आहे. आपल्या लोकांत 'नको' म्हणणें हा अपमान समजला जातो; परंतु 'अमुक कर, मी खाण्यास येतों' असें म्हणणें हा जिव्हाळा समजला जातो. पथ्य तेंच, पदार्थ तेच. फरक केवळ नाकारण्याचा आणि मागून घेण्याचा. गरिबाच्या घरीं तर याचा विशेष अनुभव येतो. पाहुण्यास भाकरी कशी वाढावी या संकोचानें तो उसनी साखर आणून चहा करतो. त्याच्यापाशीं आपण होऊन भाकरी-ठेचा मागितला, तर त्याचा संकोच जातो आणि आपलें पथ्यहि राहतें.

आतां कोणी विचारील कीं, या जाड्याभरड्या अन्नांत एवढें आहे तरी काय? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांत पाहिलें असतां ज्वारी, बाजरी व नाचणी यांत शंभर ग्रॅममागें दहा ग्रॅमच्या आसपास तंतुमय भाग आढळतो. मैद्यांत तो तीन ग्रॅमहि भरत नाहीं. नाचणींतील कॅल्शियम साडेतीनशें मिलिग्रॅमच्या पुढें आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत तें दहाच्याहि आंत. बाजरींत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर, तर त्या तांदळांत एक मिलिग्रॅमहि नाहीं. धान्याचा कोंडा व अंकुर काढला कीं त्याचें सत्त्व जनावरांच्या गव्हाणींत जातें आणि पिठूळ गाभा तेवढा आपल्या पानांत येतो.

हें ज्ञान आजचें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आइकमान नांवाच्या डच वैद्यास जावा बेटावर असें दिसून आलें कीं, सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्यानें हातसडीचा तांदूळ व जात्यावरचें पीठ यांचा पुरस्कार केला. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, व सरकारनें या धान्यांस 'श्री अन्न' असें नांव दिलें. नांव चांगलें आहे. परंतु नांव बदलल्यानें पंगतींत मान मिळत नाहीं. मान वाढप्याच्या हातीं असतो.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. ज्वारी झाली तरी तें पिष्टमय धान्यच आहे. मधुमेह्यानें चार भाकऱ्या खाल्ल्या तर रक्तांतील साखर वाढणारच. आणि 'आम्ही साखर सोडली, गूळ खातों' असें सांगणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, मधुमेह्याच्या हिशेबीं गूळ हा साखरेचाच भाऊबंद आहे.

आतां आपल्या सणांकडे पाहूं. पौष्टिक अन्न आणि माणसांचा मेळावा यांचें वैर आहे ही समजूत किती खोटी, तें तेथें दिसतें. मार्गशीर्षाच्या अमावास्येस लातूर, धाराशिव व सोलापूर या भागांत वेळ अमावास्या होते. घरेंदारें ओस पडतात व सर्व गांव रानांत जातो. पानांत अनेक शेंगा, डाळी व पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आणि ताकांत ज्वारीचें पीठ कालवून केलेली आंबील. वाटेनें जाणारा अनोळखी मनुष्यहि हांक मारून जेवावयास बसविला जातो. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. पुढें थंडींत हुरडा येतो. आगटीभोंवतीं दहा माणसें बसून, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेलीं कणसें हातावर चोळून खातात, त्याहून अधिक आनंदाची पंगत मला तरी ठाऊक नाहीं. यांपैकीं एकाहि ठिकाणीं पथ्य करणारा माणूस एकटा पडत नाहीं. तो एकटा पडतो तो मैद्याच्या आणि साखरेच्या पंगतींत; आणि ती पंगत आपल्या आजोबांनीं घालून दिलेली नाहीं.

माझ्या अनुभवावरून पथ्य करणाऱ्यांस चार गोष्टी सुचवितों. पहिली, घरीं कडक असावें, बाहेर नरम. सकाळचा फराळ व दोन जेवणें धरून आठवड्याची एकवीस पानें होतात. त्यांतलीं अठरा घरचीं असतील, तर प्रकृतीचा निकाल त्या अठरांवर लागतो, तिघांवर नव्हे. दुसरी, यजमानास आधीं कळवावें व साधा पदार्थ मागून घ्यावा; पान वाढल्यावर तक्रार करूं नये. तिसरी, प्रसाद चिमूटभर घ्यावा आणि हात जोडावेत. प्रसाद पोट भरण्यासाठीं नसतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, दुसऱ्याच्या पानाकडे पाहून उपदेश करूं नये. माझें मोडलें तें भाकरीमुळें नव्हे, माझ्या तोंडामुळें. मात्र ज्यांस साखर उतरविणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनीं लग्नांत ताटकळत उपाशी राहूं नये; साखर एकदम खालीं जाणें हें वर जाण्याइतकेंच, किंबहुना अधिक धोक्याचें असतें.

यजमानांसहि दोन शब्द. आग्रह हा आपल्या संस्कृतीचा अलंकार आहे खरा. परंतु 'माझी शपथ' म्हणून मधुमेह्याच्या पानांत जिलबी टाकणें हा आग्रह नसून अविचार आहे. चहा बिनसाखरेचा करून साखर निराळी ठेवावी. त्यांत खर्च वाढत नाहीं, उलट वांचतो.

आक्षेप दोन येतील. पहिला असा कीं, आपल्यांतील अर्धे सभासद ऊंस लावतात; त्यांनींच साखरेविरुद्ध बोलावें काय? माझ्या पुतण्यांचाहि ऊंस आहे, आणि त्याच्या बिलावर घरांतील मुलांचीं शिक्षणें होतात. परंतु निपाणीकडचा शेतकरी तंबाखू पिकवितो, म्हणून त्यानें ती खाल्लीच पाहिजे असें कोणी म्हणत नाहीं. पीक बाजारासाठीं, प्रकृति आपली. शिवाय माझ्या नोकरींत पिकांचे जिन्सवार तक्ते दरसाल हाताखालून गेले; आमच्या तालुक्यांत ज्वारीचा रकाना आक्रसत गेलेला मीं पाहिला आहे. तो ठरावांनीं वाढणार नाहीं. शेतकरी स्वतःच ज्वारी खावयास लाजूं लागला, तर शहरच्या गिऱ्हाइकानें ती कां घ्यावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पांचशें माणसांस भाकरी थापणार कोण? पुऱ्या एका कढईंत शेंकडों निघतात. भाकरी एकेक थापावी लागते, आणि थापणारे हात बायकांचे असतात. पथ्य पुरुषांचें आणि धूर बायकांच्या डोळ्यांत, असें होऊं नये. यावर सोलापूरकडे उपाय आधींच आहे. तेथील ज्वारीची कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, व बायका ती करून विकतात. सभेच्या आठवडाभर आधीं अशी भाकरी आपल्याच गांवच्या बचत गटांकडून रोख दाम देऊन करवून घेतां येईल. जो पैसा जिलबीवाल्यास जातो तो आपल्याच लेकीसुनांच्या हातीं जाईल.

यास्तव माझी व्यवस्थापक मंडळास नम्र विनंती आहे. पुढील वार्षिक सभेचें जेवण आपल्या सभासदांनीं पिकविलेल्या धान्याचें असावें. कडक भाकरी, पिठलें, शेंगदाण्याची चटणी, उसळ, कांदा व ताक. ज्यांस गोड हवें त्यांच्यासाठीं एक गोड पदार्थ अवश्य असावा, पण तो मागितल्यावर वाढावा. हा ठराव मी स्वतः मांडीन, अनुमोदक पाहिजे.

आणि पंगतींत वाढण्याची जोखीम कोणी घ्यावयाची, असा प्रश्न निघाल्यास मी अक्काचें नांव सुचवितों. मीं तिला विचारलें आहे. ती म्हणाली, "येतें कीं. पण आप्पा, डबा घेऊन येऊं नकोस."