मिरगात बदललेला मंत्री

माझं माहेर अकोट तालुक्यातलं, सासर दर्यापूर तालुक्यातलं. म्हणजे एक अकोला जिल्ह्यात, दुसरं अमरावतीत. पण पूर्णेकाठची खारपाणपट्ट्याची काळी जमीन दोन्हीकडे सारखीच. विहीर खणली तर खारं पाणी लागतं. त्यामुळे आमचे नऊ एकर वरच्या पाण्यावरच पिकतात.

१६ जून २०१९ चा रविवार मला नीट आठवतो. मिरग लागून आठवडा उलटला होता, पावसाचा पत्ता नव्हता, बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडल्या होत्या. त्या दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. अमरावतीचे प्रवीण पोटे-पाटील यांचं मंत्रिपद गेलं आणि मोर्शीचे डॉ. अनिल बोंडे कृषिमंत्री झाले. आपल्या जिल्ह्याला शेतीचं खातं मिळालं म्हणून गावात आनंद झाला, मलाही झाला.

पण विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती. खामगावचे भाऊसाहेब फुंडकर कृषिमंत्री असतानाच ३१ मे २०१८ ला गेले. तेव्हापासून वर्षभर हे खातं चंद्रकांत पाटलांकडे होतं, महसुलासोबतचा जादा कार्यभार म्हणून. त्याच वर्षी सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दुष्काळाच्या वर्षी ज्या खात्याला स्वतंत्र मंत्री मिळाला नाही, त्याला तो निवडणुकीच्या तोंडावर मिळाला. माझी तक्रार कोणा एका माणसाबद्दल नाही. चार महिन्यांत कोणी काय करणार? खातं समजून घेईपर्यंत आचारसंहिता लागते.

पुढे जे झालं ते आम्ही शेतात उभं राहून पाहिलं. २१ ऑक्टोबरला मतदान, २४ ला निकाल. बोंडे पडले. त्याच दिवसांत पावसाने सोयाबीनच्या गंज्या धरल्या. ताडपत्री काढून गंजीत हात घातला तर आतून वाफ येत होती. शेंगा काळ्या पडलेल्या, दाण्याला पांढरे कोंब फुटलेले, आणि आंबूस वास. तो वास दोन दिवस हाताचा गेला नाही. शेजारच्या शेतातले म्हातारे बाबा बांधावर येऊन म्हणाले, "सूनबाई, आता शेतीचा मंत्री कोन हाये वं?" मला सांगता आलं नाही. ८ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, १२ ला राष्ट्रपती राजवट लागली. अखेर राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले, म्हणजे एकरी सुमारे ३,२००.

याउलट, अमरावती जिल्ह्यातल्याच पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ पासून १९६२ पर्यंत दिल्लीत शेतीचं काम पाहत होते. सलग दहा वर्षं. भातशेतीची जपानी पद्धत देशभर नेणं, भारत कृषक समाज उभा करणं, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवणं, ही कामं एका हंगामात होणारी नव्हती. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अकोल्यात आहे. आणि त्यांच्याच महाराष्ट्रात २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत कृषिखात्याने खडसे, फुंडकर, पाटील आणि बोंडे असे चार मंत्री पाहिले. पुढेही तेच. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर माणिकराव कोकाटे आले आणि जुलै २०२५ संपता संपता, ऐन खरिपात, खातं दत्तात्रय भरणेंकडे गेलं.

खांदेपालट मुंबईतला असला, तरी भाव दिल्लीत ठरतो आणि तिथेही निवडणुकीचंच पंचांग चालतं. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या दोन महिने आधी, केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं. प्रचारात सोयाबीनला क्विंटलमागे ६,००० रुपयांचा शब्द दिला गेला. हमीभाव ४,८९२ होता. माझं सोयाबीन तालुक्याच्या बाजारात ४,०५० ने गेलं. मतदान झालं, सरकार आलं आणि ३० मे २०२५ ला तेच शुल्क १० टक्क्यांवर आलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये पऱ्हाटीला पात्या लागत असताना कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं, ते थेट डिसेंबरअखेरपर्यंत.

मी तेल विकतच आणते. ते महागलं की माझ्याच स्वयंपाकघरात काटकसर होते. अमेरिकेने आपल्या मालावर लावलेल्या शुल्कामुळे कापड गिरण्या अडचणीत आल्या, हेही मला कळतं. शहरातल्या माणसाला तेल परवडलं पाहिजे, यावर माझा वाद नाही. पण पीक उभं असताना भाव बदलणारा निर्णय झाला, तर कास्तकाराने काय करायचं? पऱ्हाटी उपटून तर दुसरं पेरता येत नाही.

म्हणून माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. कृषिमंत्री मिरगापासून तूर घरात येईपर्यंत बदलू नये, मग निवडणूक कितीही जवळ असो. आणि तेल, डाळ, कापूस यांचं आयात शुल्क पेरणीआधी जाहीर करावं व माल विकला जाईपर्यंत तेच ठेवावं. आमच्या घरी सोयाबीन किती आणि तूर किती हे मे महिन्याच्या शेवटी, रात्री जेवणं झाल्यावर ठरतं. त्या रात्री शुल्काचा आकडा माझ्यासमोर हवा.