सामाईक तिजोरी आणि तिची किल्ली

ख्रिस्ती माणसाने आपल्या धनाचे काय करावे, हा प्रश्न निघाला की सुशिक्षित मंडळींकडून एक ठराविक उत्तर ऐकावयास मिळते. येरुशलेममधील पहिल्या श्रद्धावंतांनी शेते-घरे विकून पैसा प्रेषितांच्या स्वाधीन केला, हे ही मंडळी मान्य करतात. परंतु तो आरंभीच्या उत्साहाचा भर होता, पुढे ज्यांनी त्याचे अनुकरण केले ते बुडाले, असे सांगतात. पुराव्यादाखल अमेरिकेतील जर्मन धार्मिक वसाहतींची नावे घेतली जातात. हार्मनी गेली, झोआर गेली, अमानानेही शेवटी हात टेकले. तेव्हा सामाईक मालमत्ता मनुष्यस्वभावाला पेलणारी नव्हे, असा निष्कर्ष काढून मंडळी निश्चिंत होतात. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. तो इतिहासाला धरून नाही, आणि आपल्या खिशाला इतका सोयीचा आहे की तेवढ्यासाठीच तो तपासून घेतला पाहिजे.

प्रथम इतिहास पाहू. अठराव्या शतकात नैर्ऋत्य जर्मनीतील अनेक शेतकरी व विणकर कुटुंबांना तेथील राजमान्य चर्चमधील धर्माचरण कोरडे वाटू लागले. त्यांनी घरोघरी प्रार्थनासभा भरविल्या, त्यापायी दंड व तुरुंगवास भोगला आणि अखेर समुद्र ओलांडला. कॉनराड बाइसेल यांनी १७३२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात एफ्राटा हा आश्रम स्थापिला. तेथील ब्रह्मचारी बंधुभगिनी अरुंद बाकावर, लाकडाचा ठोकळा उशाला घेऊन निजत आणि मध्यरात्री प्रार्थनेस उठत. व्युर्टेम्बर्गचे विणकर जॉर्ज रॅप १८०३ मध्ये अमेरिकेत आले आणि १८०५ मध्ये त्यांच्या अनुयायांनी हार्मनी संस्थेचा करार केला. १८१७ मध्ये जोसेफ बाइमलर यांच्या मंडळींनी ओहायोत झोआर वसविले. ख्रिस्तियन मेट्झ यांच्या नेतृत्वाखालील समाज १८४३ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात उतरला व १८५५ पासून आयोवात स्थिरावला. तीच अमाना: सात गावे, सुमारे २६,००० एकर जमीन, आणि प्रत्येक गावात अनेक कुटुंबांचा एकत्र स्वयंपाक.

या वसाहती किती टिकल्या? हार्मनी शंभर वर्षे, झोआरची सामाईक मालमत्ता १८१९ पासून १८९८ पर्यंत, अमानाची आयोवातील व्यवस्था १९३२ पर्यंत. आता दुसरे उदाहरण घ्या. हार्मनीच्या लोकांनी इंडियानातील आपले सबंध गाव १८२५ मध्ये रॉबर्ट ओवेन या सुधारकाला विकले. घरे बांधलेली, शेते नांगरलेली, कारखाने उभे. त्याच गावात ओवेन यांनी धर्मनिरपेक्ष समतेचा प्रयोग आरंभिला आणि १८२७ मध्ये तो मोडला. विकणाऱ्यांनी मात्र पेन्सिल्व्हेनियात परतून इकॉनॉमी हे तिसरे गाव उभारले. तेथील लोकर आणि रेशीम दूरदूरच्या बाजारांत नावाजले गेले. जी व्यवस्था तीन-चार पिढ्यांना अन्न, वस्त्र, आजारपणात शुश्रूषा आणि म्हातारपणी निवारा देते, तिला स्वप्न म्हणून उडवून लावणे हा अन्याय आहे. व्यक्तिगत मालकीची कितीशी दुकाने शंभर वर्षे चालतात?

ब्रह्मचर्यामुळे त्या वसाहती संपल्या, असेही म्हटले जाते. हार्मनीने १८०७ मध्ये ब्रह्मचर्य स्वीकारले, हे खरे. परंतु झोआरमध्ये काही वर्षांच्या खंडानंतर विवाह पुन्हा सुरू झाले आणि अमानात कुटुंबे नांदत होती. तरीही त्यांची सामाईक व्यवस्था संपलीच. तेव्हा मूळ रोग अन्यत्र शोधला पाहिजे.

आमच्या मते तो रोग तिजोरीच्या किल्लीत होता. हार्मनीत कोणी किती दिले याची नोंदवही १८१८ मध्ये सर्वांच्या संमतीने जाळण्यात आली. वरवर पाहता हे केवढे उदात्त कृत्य! परंतु वही जळाली आणि किल्ली मात्र रॅप यांच्याच घरात राहिली. सोडून जाणाऱ्यास त्याने आणलेला वाटा परत देण्याचे १८०५ च्या करारातील वचन १८३६ मध्ये रद्द झाले. १८४७ मध्ये रॅप वारले, तेव्हा त्यांच्या घरात सुमारे पाच लाख डॉलरांचे सोने-नाणे निघाले. ते त्यांनी चैनीसाठी दडविले नव्हते. प्रभूच्या पुनरागमनाची ती तयारी होती. पण ज्यांच्या घामातून ते साठले, त्यांना हिशोब विचारण्याची सोय नव्हती. विचारणारा अविश्वासू ठरे. एफ्राटातही तेच झाले. इझ्राएल एकरलिन या मठप्रमुखाने गिरण्या वाढवून आश्रमाची भरभराट केली. बाइसेल यांच्याशी बिनसताच १७४५ मध्ये त्याला बाहेर पडावे लागले.

जेथे एकाच माणसाच्या मुखातून देव बोलतो असे सर्वांनी मानलेले असते, तेथे दुसरा तसाच बोलणारा आला की घर दुभंगते. १८३१ मध्ये स्वतःला काउंट लिओन म्हणविणारा एक जर्मन इकॉनॉमीत आला. रॅप यांनीच प्रथम त्याला देवाने धाडलेला दूत मानले. पुढच्याच वर्षी सुमारे एकतृतीयांश सभासद त्याच्यामागे निघून गेले आणि तडजोडीपोटी संस्थेला १,०५,००० डॉलर मोजावे लागले.

झोआरची गोष्ट थोडी निराळी आहे आणि आमच्या म्हणण्याला तीच बळ देते. जमीन बराच काळ बाइमलर यांच्या नावावर होती. एका मृत सभासदाच्या वारसांनी त्यावरून दावा लावला आणि तो १८५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळला गेला. परंतु झोआरमध्ये विश्वस्त मतदानाने निवडले जात, आणि ते मत स्त्रियांनाही होते. म्हणून १८५३ मध्ये बाइमलर वारल्यावरही गाव पंचेचाळीस वर्षे एकत्र नांदले आणि शेवटी सभासदांनीच ठराव करून मालमत्ता आपसांत वाटून घेतली. हार्मनी १९०५ मध्ये विसर्जित झाली, तेव्हा अपार संपत्तीभोवती मूठभर माणसे उरली होती. तत्पूर्वी, १८७२ च्या सुमारास, तिच्याच मालकीच्या बीव्हर फॉल्स येथील सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यात कमी मजुरीवर चिनी कामगार आणले गेले होते. ज्यांनी आपसांत धनी-चाकर भेद मिटविला, तेच कुंपणाबाहेरच्यांचे धनी झाले.

हे सारे प्रोटेस्टंट पंथीयांचे झाले, आपले नव्हे, असे समाधान कोणी करून घेऊ नये. बाडेनमधील कॅथलिक धर्मगुरू अँब्रोस ओश्वाल्ड यांनी १८५४ मध्ये शंभराहून अधिक श्रद्धावंतांसह विस्कॉन्सिनमध्ये सेंट नाझियान्झ ही अशीच वसाहत स्थापिली. मालमत्ता फादरांच्या नावावर होती. १८७३ मध्ये ते वारले आणि वसाहत कायदेशीर गुंत्यात सापडून ओसरत गेली. अंगावर झगा असला म्हणून किल्लीचा धोका टळत नाही.

याउलट बव्हेरियाचे बेनेडिक्टाइन संन्यासी बोनिफेस विमर यांनी १८४६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातच, लॅट्रोब येथे, सेंट व्हिन्सेंट मठाची स्थापना केली. तेही जर्मन, तेही ब्रह्मचारी, त्यांचीही तिजोरी सामाईक. तो मठ आजही उभा आहे. विमर हे देवदूत नव्हते. १८५९ च्या सुमारास पाउल केक नावाचा दृष्टांत सांगणारा एक जण मठात शिरला आणि काही काळ खुद्द विमर त्याला भुलले. लिओन आणि केक यांत फरक फारसा नव्हता. फरक होता तो विमर यांच्यावरही कोणीतरी होते यात. तक्रार रोमपर्यंत गेली आणि १८६५ मध्ये तेथून त्या प्रकाराचा निषेध झाला. मठाधिपतीची निवड मठवासियांनी करावी, महत्त्वाच्या बाबतीत त्याने सर्वांना, अगदी धाकट्यालाही, विचारावे, हा संत बेनेडिक्ट यांचा नियम भाबडेपणातून आलेला नाही. माणसाचे पाप ओळखून तो घातलेला आहे.

पवित्र शास्त्रही हेच शिकविते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा चौथा अध्याय पुष्कळांना ठाऊक असतो, सहावा विसरला जातो. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची हेळसांड होते, अशी ग्रीकभाषक ख्रिस्ती लोकांनी तक्रार केली. प्रेषितांनी त्यांना बंडखोर ठरविले नाही. साऱ्या समुदायाला बोलावून त्यांनी सात जण निवडावयास सांगितले आणि वाटपाचा अधिकार स्वतःच्या हातून सोडला. ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते त्यांनी हिशोबाच्या प्रश्नाचा राग धरला नाही. मग त्यांच्या मागून आलेल्या कोणी धरावा?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. त्या जर्मन वसाहतींचे नाव घेऊन धनिकांनी आपली मूठ आवळू नये. गरिबांच्या ताटात वाटेकरी होणे शक्य आहे, याचीच त्या साक्ष देतात. आणि ज्यांच्या हाती समाजाची तिजोरी आहे त्यांनी, आम्ही धर्मगुरू त्यांत प्रथम, त्यांच्या अंताकडे पाहावे. पैसा प्रभूचा आहे असे म्हणणाऱ्याने तो माणसांसमोर मोजून दाखविलाच पाहिजे. आपल्या धर्मग्रामात पुढच्या वेळी कोणी उभे राहून हिशोब मागेल, तेव्हा त्याच्या श्रद्धेविषयी शंका न घेता वही त्याच्यापुढे उघडावी.