चैत्रातील दोन जन्मदिवस

चैत्र लागला की घराघरांत गौर झोपाळ्यावर बसते, कैरीची डाळ आणि पन्हे होते, आणि याच दिवसांत १२ एप्रिल उजाडतो. याच तारखेला १९२४ साली गोव्यातील साळगावात फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मले आणि चार वर्षांनी मुंबईत अकबर पदमसी. दोघेही चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. मनुष्यदेहाचा शोध दोघांनी आयुष्यभर सोडला नाही, आणि त्यापायी या शहराने दोघांनाही दटावले. सूझांच्या स्वतःच्याच नग्न व्यक्तिचित्रावर १९४९मध्ये आक्षेप घेतला गेला. त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले.

पदमसींची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९५४ साली, जहांगीर कलादालन उघडून जेमतेम दोन वर्षे होत असताना, पॅरिसहून परतलेल्या या तरुणाने तेथे प्रदर्शन मांडले. त्यातील ‘लव्हर्स’ या चित्रात पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्र उतरवायला सांगितले, पदमसींनी ते नाकारले, अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. विषय तेथे मिटायला हवा होता. पण कित्येक दशकांनी ब्रिटनमधील लिलावांत घेतलेली याच दोघांची सात कामे मुंबईत कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केली. त्यांतील सूझांच्या एका रेखाटनाचे नावही, योगायोगाने, ‘लव्हर्स’च! ऑक्टोबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली. मधे सत्तर वर्षे गेली होती.

न्यायालय चित्र सोडवून आणते, ते पाहणे मात्र आपल्यावरच राहते. आणि आपण तरी कोण? हळदीच्या दिवशी भरल्या मांडवात नवरदेवाच्या उघड्या अंगाला हळद चोळणारे, दिवाळीच्या पहाटे एकमेकांना तेल-उटणे लावणारे, बाळंतिणीचे अंग शेकणारे. देहाची एवढी सलगी ज्यांच्या सणावारांतच मुरलेली आहे, त्यांनी भिंतीवरच्या एका हाताने बावरावे, हे नवलच. सूझांची रेघ देहाला ओरबाडते. त्यात वासनेइतकाच राग आहे, आणि स्वतःच्या कुरूपतेकडे रोखून पाहण्याचे धाडसही. पदमसींची माणसे उलट थबकलेली, जड, एकमेकांना बिलगूनही एकटी वाटणारी. आक्षेप घेणाऱ्यांनी हे एकटेपण पाहिलेच नसावे. (समर्थकांनीही क्वचितच पाहिले, त्यांना खटलाच जास्त आवडला.)

सुट्ट्या लागताहेत. मुंबईतल्या काळा घोड्याच्या कलादालनांत मुलांना घेऊन जाण्याचा हा काळ. एखाद्या चित्रापाशी थांबून मूल विचारेलच, यांनी कपडे का घातले नाहीत? तेव्हा त्याचा हात ओढून आपण पुढे निघून जातो. यंदा जरा थांबावे, त्यालाच विचारावे, ही दोघे आनंदी दिसतात का रे? आणि मग आपणही पाहावे, कारण उत्तर आपल्याकडेही तयार नसणार.