कसब्याचे मत कोणाला?
भाजप आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कसबा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. १९९५ पासूनचा हा भाजपचा गड. तो राखायला इथले माजी आमदार, आजारी गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीतून केसरीवाड्यात आले, बघवत नव्हते. समोर काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, स्कूटरवरून पेठा पालथ्या घालणारे, मनसेकडून बापटांविरुद्ध दोनदा पडलेले. ‘हू इज धंगेकर?’ या भाजपच्या चंद्रकांत पाटलांच्या सवालाने तर धंगेकरांना आयतीच घोषणा मिळाली. उमेदवारीत टिळक घराण्याला डावलल्याची नाराजीही होतीच. भाजपचे हेमंत रासने दहा हजारांवर मतांनी हरले. पुढच्याच वर्षी रासनेंनी जागा परत घेतली, त्यानंतर धंगेकर एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले. कसबेकरांनी कौल पंजाला दिला होता की माणसाला, हे काँग्रेसने अजून तपासलेले दिसत नाही.