शिकागोच्या पालकांना विचारले कुणी?

जानेवारी 2022 मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांचे पाच दिवस बुडाले. नाताळची सुट्टी संपून मुले नुकती वर्गात परतली होती. कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट चढत होती. 4 जानेवारीच्या रात्री शिक्षक संघटनेने मतदान घेतले आणि मत देणाऱ्यांपैकी 73 टक्के शिक्षकांनी लाट ओसरेपर्यंत घरून ऑनलाइन शिकवण्याचा कौल दिला. त्यावर शिक्षण प्रशासनाने वर्गच रद्द केले. सव्वातीन लाखांहून अधिक मुले घरी बसली. काही पालक संघटनेविरुद्ध न्यायालयात गेले, तर काही पालक उघडपणे शिक्षकांच्या पाठीशी उभे राहिले.

या फुटीचा जो अर्थ तेव्हा लावला गेला आणि अजूनही लावला जातो, तो मला साफ चुकीचा वाटतो. ज्यांना मुलांच्या शिक्षणाची तळमळ होती ते शिक्षकांवर संतापले. जे भ्याले किंवा संघटनेच्या प्रचाराला भुलले ते शिक्षकांच्या बाजूने गेले, असा तो अर्थ. त्याला जोडूनच म्हटले जाते की शिक्षकांना काम न करता पगार हवा होता, आणि त्यांच्या हट्टापायी गरिबांच्या मुलांचे नुकसान झाले.

आधी पगाराचे पाहू. शिक्षकांनी शिकवणे थांबवण्याचा ठराव केलाच नव्हता. त्यांना ऑनलाइन वर्ग घ्यायचे होते. प्रशासनाने त्यांची खाती बंद केली आणि महापौर लोरी लाइटफूट यांनी या कृतीला बेकायदा संप ठरवले. याच संघटनेने 2019 मध्ये उघड संप करून अकरा दिवस शाळा बंद ठेवल्या होत्या. संप करायचा असता तर तसे जाहीर सांगण्याची तिला कुणाची भीती नव्हती. त्या 2019 च्या संपातली एक ठळक मागणी होती प्रत्येक शाळेत परिचारिका असावी, ही. पुढच्याच वर्षी महासाथ आली.

शिक्षकांच्या मनात शंका का होती, हे कळायला सुट्टीतल्या चाचण्यांची हकीकत पुरेशी आहे. प्रशासनाने दीड लाखाच्या आसपास चाचणी संच घरोघरी दिले होते. नमुना घ्यायचा, पाकीट कुरिअरच्या पेटीत टाकायचे आणि सुट्टी संपायच्या आत निकाल मिळवायचा, अशी योजना. पेट्या इतक्या भरल्या की पाकिटांचे ढीग बाहेर रस्त्यावर आले. सुमारे 36 हजार नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोचले आणि त्यांतले जवळजवळ 25 हजार तपासता येण्याजोगे राहिले नाहीत. म्हणजे शाळा उघडल्या तेव्हा कोणत्या वर्गात किती बाधित मुले बसली आहेत, हे ना शिक्षकांना ठाऊक होते, ना पालकांना, ना प्रशासनाला. अशा वेळी ‘आधी चाचणी करा, मग वर्ग भरवा’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

पण शिक्षकांची बाजू घेणाऱ्यांनी संतापलेल्या पालकांना शिक्षकद्वेष्टे ठरवले, तेही मला मान्य नाही. रुग्णालयात पाळीला जाणाऱ्या किंवा बस चालवणाऱ्या आईला रात्री उशिरा कळते की उद्या शाळा नाही. तिला रजा नाही, मुलाला सांभाळायला घरी कुणी नाही. तिचा राग खरा होता. शाळा बंद राहिल्याने मुलांचे झालेले नुकसानही खरेच आहे. अमेरिकेच्या 2022 च्या राष्ट्रीय चाचणीत नऊ वर्षांच्या मुलांचे गणिताचे गुण घसरले, आणि त्या चाचणीच्या इतिहासात गणितात अशी घसरण पूर्वी कधी झाली नव्हती. जानेवारी 2022 मध्ये शाळा भरायलाच हव्या होत्या, असे माझेही मत आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी लस आली होती. प्रश्न कोणत्या तयारीने भरवायच्या, एवढाच होता.

आता गरिबांच्या नावाने होणारा युक्तिवाद. 2020-21 च्या हिवाळ्यात शिकागोत पालकांना विचारले गेले होते: मूल शाळेत पाठवणार का? गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी होकार दिला, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांपैकी जेमतेम एक-तृतीयांशांनी. ज्यांच्या कल्याणासाठी शाळा उघडायच्या असे सांगितले जात होते, तेच मागे सरत होते. कारणे त्यांच्या वस्त्यांत होती. एप्रिल 2020 मध्ये शहरातल्या कोरोनाबळींपैकी सुमारे 70 टक्के कृष्णवर्णीय होते, लोकसंख्येत त्यांचा वाटा एक-तृतीयांशाहून कमी असताना. त्याच्याही मागे 2013 साल आहे. त्या वर्षी महापौर राम इमॅन्युएल यांच्या कारकिर्दीत पन्नासेक शाळा एकदम बंद करण्यात आल्या आणि त्यांतली बहुतेक मुले कृष्णवर्णीय होती. ज्या प्रशासनाने मोर्चे आणि विनवण्या डावलून शाळेला कुलूप लावले, तेच आता ‘शाळा सुरक्षित आहे, मूल पाठवा’ म्हणते तेव्हा ते पालक का थबकतात, हे समजायला अवघड नाही.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे होते. ऑगस्ट 2021 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांची पाहणी केली. ग्रामीण भागातली फक्त 8 टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती, आणि 97 टक्के पालकांना शाळा लवकरात लवकर उघडायला हव्या होत्या. शिकागोने गरीब घरांत मोफत इंटरनेट पोचवले होते. आपल्या वाड्या-पाड्यांवर घरात एक मोबाइल असला तरी तो बापाबरोबर कामावर जायचा. तेव्हा ‘गरीब पालकांना काय हवे’ याचे एकच उत्तर सगळीकडे लागू करता येत नाही. घरात काय आहे आणि शाळेने आजवर काय अनुभव दिला, यावर ते ठरते.

शिकागोतल्या खासगी कॅथलिक शाळा 2020 च्या ऑगस्टपासून चालू होत्या, हे खरे. तिथले पालक आपणहून निवड करून, फी भरून आलेले असतात, म्हणून ती तुलना फार ताणू नये. न्यूयॉर्कने जानेवारी 2022 मध्ये शाळा ठामपणे उघड्या ठेवल्या, पण पहिल्या दिवशी हजेरी दोन-तृतीयांशांच्या आसपासच होती.

शिकागोत 10 जानेवारीला तोडगा निघाला आणि 12 तारखेला मुले परतली. चांगल्या प्रतीचे मास्क मिळाले, चाचण्या वाढवण्याचे ठरले, किती जण गैरहजर असले की एखादी शाळा ऑनलाइन न्यायची याचे निकष ठरले. यातले बहुतेक डिसेंबरमध्येच देता आले असते. ते दिले नाही याचा मुख्य दोष मी महापौर आणि प्रशासनाकडे देते. पण एक दोष दोन्ही पक्षांचा आहे: वाटाघाटींच्या टेबलावर पालक नव्हते.

आणि त्यासाठी नवे काही उभारायची गरज नव्हती. 1988 च्या कायद्याने शिकागोच्या बहुतेक शाळांना स्थानिक शाळा परिषद मिळाली आहे. तिच्यावर सहा पालक निवडून येतात आणि मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार तिला आहे. मुख्याध्यापक नेमू शकणाऱ्या पालकांना आपल्या शाळेतले बाधितांचे आकडे पाहून वर्ग भरवायचे की आठवडाभर ऑनलाइन घ्यायचे, हे ठरवता आले नसते का? तिथे कामावर जाणारी आई बोलली असती, घरात आजारी आजी असलेला बाप बोलला असता, शिक्षकही बोलले असते. सगळ्या शहरासाठी एकच हुकूम निघाल्यामुळे पालकांना एक तर महापौर निवडावा लागला, नाहीतर संघटना.

महाराष्ट्राने हे थोडेफार करून पाहिले आहे. जुलै 2021 मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवताना ग्रामपंचायतीचा ठराव आणि पालकांची संमती मागितली गेली. पण जानेवारी 2022 मध्ये पुन्हा राज्यभर शाळा बंदचा आदेश निघाला, आणि ज्या गावात एकही रुग्ण नव्हता तिथल्या पालकांना कुणी विचारले नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. पुढच्या साथीत शाळा बंद करण्याचा किंवा उघडण्याचा कागद आधी या समितीपुढे यावा, शाळेतल्या रुग्णांच्या आकड्यांसह आणि शिक्षकांच्या लेखी म्हणण्यासह. आणि शिकागोतही तो स्थानिक शाळा परिषदेपुढे ठेवला जावा, ही माझी मागणी आहे.